आजी पुढचं वाक्य देते

४ फेब्रुवारी

मामा,

आधी माफी मागते, मग बाकीचं. परवा फोनवर मी तुला जे म्हणाले, "तुमच्यावाचून या भिंती मला खायला उठतात, या, नाहीतर माझं प्रेतच पाहाल," ते माझं वाक्य नव्हतं. मला एवढंच विचारायचं होतं, की गच्चीची किल्ली तुझ्याकडे आहे का. "मामा, ते हे..." म्हणून मी क्षणभर अडखळले आणि तेवढ्यात आजीने बाजूने वाक्य दिलं. मी बोलून गेले. तू "कोण बोलतंय?" म्हणून फोन ठेवलास, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. मीही ठेवला असता.

म्हणूनच हे पत्र. लिहिताना ती मध्ये बोलत नाही. लिहिणाऱ्याला प्रॉम्प्टिंग लागत नाही, असं तिचं मत आहे.

तुझ्या आईने उभा जन्म नाटक कंपनीत विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली, हे तुला मी काय सांगायचं? पण ते काम तिने पुन्हा सुरू केलंय, हे तुला माहीत नसणार. मी कोण हे ती विसरलीये. मला "नवी मुलगी" म्हणते, आधीची पळून गेली म्हणे. जेवली की नाही हे विसरते, न्हाणीघर कुठे ते विसरते. पण समोरचा माणूस बोलता बोलता अडला, की तिची मान पुढे येते, ओठ जेमतेम हलतात, आणि पुढचं वाक्य थेट त्याच्या कानात. मांडीवर नाटकाची वही म्हणून पाण्याच्या फिल्टरचं माहितीपुस्तक असतं. पानं अगदी वेळेवर उलटते.

आणि गंमत म्हणजे माणसं ते वाक्य बोलतात! इतक्या खात्रीने कुणी पुढचा शब्द हातात ठेवला की घेतलाच जातो. नंतर तोंडावर हात ठेवून बसतात.

माझ्या नोकरीचंच घे. पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या कंपनीच्या तक्रारी मी घरून फोनवर ऐकते. मागच्या महिन्यात एक गृहस्थ तावातावाने सांगत होते, फिल्टर गळतोय, कुणी येत नाही. मी म्हटलं, "सर, आम्ही आपली..." आणि अडले. आजी म्हणाली, "'आपली वाट पाहून पाहून डोळे कोरडे पडले.'" मी ते म्हटलं. मग ते हळूच म्हणाले, "मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं." फिल्टर अजून गळतोच आहे, पण आता ते रोज फोन करून तो कसा गळतोय ते प्रेमाने सांगतात. साहेबांनी माझं नाव महिन्याच्या उत्तम कर्मचाऱ्यासाठी सुचवलंय.

वरच्या मजल्यावरचे नवरा-बायको तुला आठवत असतील, भांडणारे. नवरा भांडणात नेहमी मध्येच अडतो. आजी खिडकीत उभी राहून त्याला खालून वाक्यं देते. मागच्या रविवारी त्याने "तुझ्या आईने..." एवढंच म्हटलं आणि आजीने पुरवलं, "'...मला जे दिलं ते माझ्या जन्मदात्यांनीही दिलं नाही.'" भांडण जागच्या जागी मिटलं. आता तो भांडणाच्या आधीच खाली येऊन तालीम करून जातो.

तर घाबरू नकोस. आमचं बरं चाललंय. किल्लीचं तेवढं कळव.

भाची (हे मी स्वतःच्या मनाने लिहितेय)


१५ फेब्रुवारी

भाचीस,

किल्ली मीटरच्या पेटीत, डाव्या कोपऱ्यात.

पत्र वाचलं. तुझं लिहिणं वाचून माझी बायको हसून हसून लोळली. मी हसलो नाही. माझं काम लिफ्ट तपासण्याचं आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, की आतली माणसं सुरुवातीला हसतात, विनोद करतात, फोटो काढतात. मग एकजण म्हणतो, हवा कमी वाटतेय का? तुझं पत्र मला त्या सुरुवातीसारखं वाटलं.

तुझी आई गेल्यापासून तू एकटी हे सगळं सांभाळते आहेस. मी लांब बसून नुसते सल्ले देतो, हे मला कळतं. म्हणून आता सल्ला देत नाही, व्यवस्था केली आहे. अशा माणसांसाठी एक चांगली संस्था आहे. मी स्वतः जाऊन पाहिली. स्वच्छ आहे, बाग आहे, माणसं समजूतदार आहेत, लिफ्टही उत्तम आहे. आईचं नाव घातलं आहे. तिथल्या बाई घरी येऊन आईला काही प्रश्न विचारतील. त्यांना सरळ उत्तरं मिळू देत.

आणि एक. आईने दिलेलं वाक्य मी जन्मात बोललेलो नाही, बोलणारही नाही. माणसाला सुचलं तर त्याने बोलावं, नाही सुचलं तर गप्प बसावं. मी गप्प बसतो. त्याने माझं काही अडलं नाही.

मामा


२ मार्च

मामा,

संस्थेच्या बाई काल येऊन गेल्या. सरळ उत्तरं मिळू देत, असं तू लिहिलं होतंस. मिळाली. पण ती बाईंनी दिली.

बाई स्वभावाने फार गोड. समोर बसल्या, अर्ज काढला, चष्मा लावला आणि विचारलं, "आजी, आज कोणता वार?" आजीने त्यांच्याकडे इतक्या दयेने पाहिलं! बिचारीला वार पण आठवत नाही. "'वार कोणताही असो,'" आजीने हळूच सांगितलं, "'माझ्या आयुष्यात आता सगळे सारखेच.'"

बाई म्हणाल्या, "वार कोणताही असो, माझ्या आयुष्यात आता सगळे सारखेच." आणि चष्मा काढला.

मी मध्ये पडायला हवं होतं, कबूल. पण पुढे इतकं भराभर होत गेलं! बाईंनी सावरून पुढचा प्रश्न घ्यायचा प्रयत्न केला, "बरं, आता मी तुम्हाला तीन वस्तूंची नावं..." की आजी म्हणाली, "'...सांगणार नाही! फार ऐकलं मी सगळ्यांचं!'" बाई उभ्या राहिल्या. ते वाक्य त्यांनी असं काही म्हटलं की वरच्या मजल्यावरून टाळी आली. मग त्या खिडकीशी गेल्या, कपाळावर हात ठेवला, आणि तिथून पुढे आजीला पुरवावंच लागलं नाही. त्यांचं त्यांनाच येत होतं. लहानपणी त्यांना पोहायला शिकायचं होतं, घरच्यांनी शिकू दिलं नाही, वगैरे. शेवटी आजीने खूण केली तशी मी पडदा ओढला. खिडकीचाच, पण बाई वाकून नमस्कार करून गेल्या.

अर्ज इथेच राहिला होता. पाहिला तर रुग्णाच्या नावापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

मामा, मी हसते हे खरं आहे. पण तुझ्या त्या लिफ्टचं मला लागलं. मी काही मजेत नाहीये. रात्री तिला चौथ्यांदा न्हाणीघर दाखवताना मला रडू येतं, आणि एकदा मी तिच्यावर ओरडलेही. पण ती गेली तर काय, याचा विचार मला करवत नाही. मी बोलता बोलता अडले तर या घरात कुणीच काही म्हणणार नाही. तिला माझं नाव आठवत नाही. पण मी अडलेय हे तिला माझ्या आधी कळतं.

नाव काढून घे ना.

भाची


१२ मार्च

भाचीस,

वरच्या मजल्यावरच्यांचा फोन आला होता. आईचं कौतुक करायला. बोलण्याच्या ओघात त्यांनी कोर्टाचं सांगितलं.

तुझ्या दोन लांबलचक पत्रांत फिल्टर आहे, भांडण आहे, पोहायला न शिकलेल्या बाई आहेत. कोर्ट नाही. आई एकटी घराबाहेर पडली, मोठा रस्ता ओलांडून कोर्टात गेली आणि मागच्या बाकावर बसली. साक्षीदार अडखळला. आईने वाक्य दिलं, "'होय, तो दरवाजा मीच उघडा ठेवला!'" त्याने ते म्हटलं. वकिलांची तारांबळ उडाली. न्यायाधीशांनी "शांतता! हे..." एवढंच म्हटलं आणि तेही अडले, तर त्यांना आईने दिलं, "'हे न्यायालय आहे की माझ्या सासरचं घर?'" ते त्यांनी म्हटलं. नोंदीतून वगळावं लागलं.

वरचे गृहस्थ हे सांगताना हसत होते. पुढे हसत हसतच म्हणाले, आजींच्या पायात चप्पल नव्हती हो.

मी तो रस्ता पाहिलेला आहे. तिथे सिग्नल नाही. तू मला हे सांगितलं नाहीस.

संस्थेत जागा मिळाली आहे. त्या बाई सोडून इतर सगळ्यांनी होकार दिला, बाई सध्या पोहायला जातात म्हणे. शनिवारी, २८ तारखेला, आईला तिथे पोहोचवायचं आहे. मी त्याआधीच्या सोमवारी येतो. तू आठवडाभर कुठेतरी जाऊन झोप काढ. आईला मी नेतो.

मामा


२३ मार्च, स्वयंपाकघरातलं टेबल

मामा,

तू येईपर्यंत वरच्या वहिनी आजीजवळ बसल्यात. मी निघतेय.

चप्पल नव्हती, खरं आहे. मी फोनवर एकाला फिल्टरची नळी कशी बसवायची ते सांगत होते. मध्ये अडले, आणि कुणी काही म्हणालं नाही, तेव्हा मला कळलं की ती घरात नाही. तुला सांगितलं असतं तर तू तिला न्यायला आला असतास, म्हणून सांगितलं नाही. शेवटी आलासच. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मला ते बघवणार नाही एवढंच.

फोन वाजला तर "वरिष्ठांना कळवतो" म्हण, दुसरं काही नको. तिच्या गोळ्या फ्रिजवर आहेत. गोळी देताना "घे" म्हटलं तर घेत नाही. "तुमच्यासाठी हे विषही अमृत आहे" असं आपण म्हणायचं आणि तिच्यापुढे धरायची, मग घेते.

आणि मामा, ती तुला ओळखणार नाही. मनाला लावून घेऊ नकोस. मागच्या आठवड्यात तिने आरशातल्या बाईला वाक्य दिलं. फार चिडली होती. म्हणाली, ही नुसती ओठ हलवते, आवाज काढत नाही.

मैत्रिणीचा पत्ता मागे लिहिलाय.

भाची


२६ मार्च

भाचीस,

फोन केला नाही. कारण तुला माहीत आहे.

तू म्हणालीस तसंच झालं. आईने मला पाहिलं आणि म्हणाली, "उशीर केलात. तिसरा अंक सुरू झालाय." मी तिला सांगितलं की मी तुझा मुलगा. ती म्हणाली, "सगळे तसंच सांगतात, नेपथ्यात जाऊन बसा."

मी एक युक्ती केली आहे. अडखळायचंच नाही. जे बोलायचं ते आधी मनात पूर्ण जुळवतो आणि एका दमात बोलतो. "आई चहा झालाय गरम आहे फुंकून पी." बोलून झालं की तोंड बंद. आईला मध्ये शिरायला फटच मिळत नाही. ती माझ्याकडे संशयाने बघते. काल वरच्या वहिनींना म्हणाली, "हा नवा नट पाठांतराला चांगला आहे, पण लाकडी."

गोळीचं वाक्य मी म्हटलं. ते तू लिहून दिलेलं आहे, त्यामुळे ते आईचं धरता येणार नाही.

वरचे गृहस्थ तालमीला आले होते. आज सासूबाईंचा विषय निघणार होता. बायकोच्या जागी उभं राहायला कुणी नाही म्हणून आईने मला उभं केलं. मी म्हटलं, मी वाक्यं बोलणार नाही. आई म्हणाली, नको बोलूस, नुसता पाठ फिरवून उभा राहा. मी पाठ फिरवून उभा राहिलो. पाच मिनिटांत तो माणूस माझ्या पाठीची माफी मागून रडला. मला आता त्या घरातलं सगळं माहीत आहे आणि त्यातलं काहीही मला नको होतं.

तुझा फोनही वाजला. एका बाईंचा फिल्टर घरघर करतो. "वरिष्ठांना कळवतो" म्हणणार होतो, पण मागे दुसरीच घरघर ऐकू आली. ती त्यांच्या इमारतीच्या लिफ्टची होती. मी ती फोनवरूनच बंद करायला लावली. सातव्या मजल्यावर राहतात. फार चिडल्यात. तुझ्या साहेबांचा फोन येईल.

शनिवारी सकाळी टॅक्सी सांगितली आहे. बॅग भरली. आई ती रिकामी करते, मी परत भरतो. आईला काय सांगायचं ते मी तयार करून पाठ केलं आहे.

मामा


३० मार्च

मामा,

शनिवार होऊन गेला. ती गेली का? रडली का? पायात चप्पल घालून गेली का?

इथे सगळे आपापली वाक्यं पूर्ण करतात. काल मी बोलता बोलता थांबले आणि सवयीने बाजूला पाहिलं. बाजूला मैत्रिणीचा कुत्रा होता.

दोन ओळी लिही. नुसतं गेली एवढं लिहिलंस तरी चालेल.

भाची


२ एप्रिल

भाचीस,

उशीर झाला. इथे सवड मिळत नाही.

शनिवारी टॅक्सी वेळेवर आली. आई तिच्या विंगेत, म्हणजे न्हाणीघराच्या दाराशेजारच्या स्टुलावर, मांडीवर फिल्टरचं पुस्तक घेऊन बसली होती. मी बॅग घेऊन समोर उभा राहिलो आणि पाठ केलेलं सुरू केलं. "आई, तिथे बाग आहे, नर्स आहे, आणि मी दर महिन्याला..."

थांबलो. पुढचं येईना. सकाळी दाढी करताना धडाधड म्हटलं होतं.

मनात म्हटलं, आता ही देणार. देऊ दे. मी बोलणार नाही. दात आवळून उभा राहिलो. तर आईने काही दिलंच नाही! रेडिओवरचा माणूस खोकला तरी त्याला वाक्य देणारी बाई माझ्याकडे नुसती बघत राहिली. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. वरचे दोघेही चिडीचूप होते, म्हणजे ऐकत असणार.

शेवटी मीच म्हटलं, "आई, सांग ना पुढचं."

तिने पुस्तक चाळलं. बोट लावून पुढची पानं पाहिली, मागची पाहिली. मग मान हलवली. "तुझं यात काही नाही रे," म्हणाली. "लिहिलेलंच नाही कुणी. तुझं तूच बोल."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? माझी निवृत्ती जवळ आली आहे, माझ्या सहीशिवाय एका शहरातल्या लिफ्ट चालत नाहीत. मी म्हणालो, "आई, मला भूक लागलीये."

शाळेत असताना मी हे तिला रोज संध्याकाळी विंगेत म्हणायचो. तिची बाही ओढून. नजर पानावरून न हलवता तिचा हात मागे यायचा आणि माझ्या तोंडावर बसायचा. बाहेर कुणीतरी राजा बोलत असायचा. मग मी म्हणायचं सोडलं, आणि हळूहळू बाकीचंही बोलायचं सोडलं. मला वाटायचं, माझा स्वभावच तसा आहे. स्वभाव कसला, राग होता तो. इतकी वर्षं मी आईवर रागावून होतो आणि मला पत्ता नव्हता.

आईने पुस्तक मिटलं आणि ती उठली. प्रयोग चालू असताना प्रॉम्प्टर उठत नाही. छत कोसळलं तरी नाही. ती उठली, आत गेली, बराच वेळ खुडबुड केली आणि बशीतून पाव घेऊन आली. वर काहीतरी पांढरं, जाडसर, अगदी कडेपर्यंत नीट लावलेलं. मी घास घेतला.

टूथपेस्ट होती. लवंगेची.

ती माझ्या समोर उभी राहून बघत होती. मी खाल्ला. सगळा खाल्ला. टॅक्सीवाला वर बघायला आला तेव्हा माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. लवंग फार तिखट आहे, असं मी त्याला सांगितलं.

तिने मला ओळखलं, असं मी म्हणत नाही. बशी घेताना तिने मला विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?" पण मग म्हणाली, "अजून?"

मी म्हटलं, "अजून."

टॅक्सी परत पाठवली. संस्थेला फोन केला, की जागा दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी विचारलं, कारण काय लिहू? मी अडखळलो. आईने बाजूने वाक्य दिलं. मी ते बोललो. काय ते विचारू नकोस, तिकडचा माणूस अजून सावरला नसेल.

मी इथेच राहतोय. लिफ्ट या शहरातही आहेत, आणि ज्या मी पाहिल्या त्या पाहता त्यांना माझी गरज आहे. बायको सामान घेऊन येते आहे, तिला तालमी बघायच्यात. दाराला वर कडी बसवली. आई आता चप्पल घालूनच झोपते, तो वाद मी जिंकलेला नाही, पण घालते. एकाने फोन घ्यायचा, एकाने दार सांभाळायचं, असं जमेल.

तू आणखी आठवडाभर झोप. मग ये. येताना टूथपेस्ट घेऊन ये, घरातली संपली. लवंगेची नको.

मामा